साहेब आमच्याकडं जेवले होते

माझा भाऊ गांजा वाहायचा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणाला वाटायला नको की बाई भावाला झाकतेय. वाहायचा. टेम्पोत वाळल्या मिरचीची पोती आणि त्या पोत्यांच्या आड दुसरी पोती. मिरची अशी तिखट असायची की नाक्यावरचा पोलीस पोत्याला हात लावायच्या आधीच चार वेळा शिंकायचा आणि म्हणायचा, "होग माराया, होग!" जा बाबा, जा. भाऊ घरी येऊन त्याची नक्कल करायचा, नाक चोळत, डोळे पुसत. आई हसून हसून भिंतीला टेकायची. तेव्हा आम्हाला फक्त मिरचीच ठाऊक होती.

तो माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. अप्पा लवकर गेले, आई कामाला जायची, तेव्हा याला कडेवर घेऊन मी फिरले. माझी शाळा त्याच्यापायी सुटली, पण पुढं त्याच्याच पुस्तकांवरून मी वाचायला शिकले, तेव्हा फिटलं म्हणायचं. तो मला अक्का म्हणायचा, मी त्याला तम्मा. कन्नडात धाकट्या भावाला म्हणतात तसं. घरात मराठी आणि दारात कन्नड, असं आमच्या हुबळीत सगळ्यांचंच. माझे यजमान गेल्यावर मी माहेरी आले ती आलेच. गोकुळ रोडच्या मागच्या वस्तीत दोन खोल्या, त्यात आई, तो आणि मी. मी ज्वारीच्या कडक भाकऱ्या करून खानावळींना द्यायची. तो एका वर्कशॉपमालकाचा टेम्पो चालवायचा. पहिल्या खेपेला मागं काय आहे ते माहीत नव्हतं म्हणाला. दुसऱ्या खेपेला माहीत होतं. मी विचारलं, "मग 'नाही' का म्हणाला नाहीस?" तर म्हणाला, "अक्का, पहिल्या खेपेला गेलो होतो ना. आता नाही कसं म्हणू?" असा त्याचा स्वभाव. भिडेचा.

रायापूरजवळ त्याला अडवलं तेव्हा अडवणाऱ्या साहेबांना शिंका आल्या नाहीत. त्यांनी सगळी पोती उतरवायला लावली. दोन दिवस तो घरी आला नाही. आम्ही दवाखाने पालथे घातले. तिसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतःच्या पायानं चालत आला, आईसमोर बसला आणि सगळं सांगितलं. आईनं त्याला मारलं. चाळिशीला आलेल्या माणसाला आईनं लाटण्यानं मारलं आणि तो पाठ पुढं करून बसला. मग म्हणाला, "केस घातली नाही त्यांनी. साहेब म्हणाले, तू आमचं काम कर."

"कसलं काम?" मी विचारलं.

"बातमी द्यायची. माल कुठनं निघाला, कुणाकडं उतरणार. साहेब म्हणाले, तू गाडी चालवत राहा, तुला कुणी हात लावणार नाही. तुझं नाव कुठल्याच कागदावर येणार नाही."

आई म्हणाली, "चोरही तूच, चाडीखोरही तूच. बरंय."

आठवड्याभरानं ते साहेब आमच्या घरी आले. भर दुपारी, साध्या कपड्यांत, चप्पल दाराबाहेर काढून. मी तव्यापुढं होते. म्हटलं, आता घराची झडती घेणार. तर ते खाली चटईवर बसले आणि आईला म्हणाले, "अव्वा, नीर कोडरी." आई, पाणी द्या.

आता हे नीट सांगायला पाहिजे, नाहीतर आमचा मूर्खपणा कुणाला कळायचा नाही. आम्ही बौद्ध. आई कलघटगीकडच्या एका खेड्यातली. तिथं ती लहानपणी ज्या मोठ्या घराच्या शेणी थापायला जायची, तिथली बाई हिला पाणी द्यायची ते वरून, ओंजळीत, धार तुटली तर पुन्हा नाही. आणि आमच्याकडचं पाणी त्या लोकांतलं कुणी प्यायचा प्रश्नच नव्हता. पुढं दिवस बदलले, कायदे आले, शहरात कोण कुणाला विचारतंय. तरी कळतं हो. गॅसवाला, मीटरवाला, शाळेतल्या बाई, सगळ्यांना आपण पाणी विचारतो आणि ते "आत्ताच प्यालो" म्हणतात. त्यातला आत्ताच प्यालेला कोण आणि न पिणारा कोण, हे आम्हाला चेहऱ्यावरून कळतं. साहेब त्या वरच्या लोकांतले होते, आडनावावरूनच कळत होतं. आणि त्यांनी मागून घेतलं पाणी. आईच्या हातून. भांडं तोंडाला लावून प्याले.

आईनं रिकामं भांडं परत घेतलं. मग तिनं मला म्हटलं, "वाढ की त्यांना."

मी घाबरत म्हटलं, "साहेब, आमच्याकडं साधंच आहे. भाकरी, वांगी."

"साधंच चालतं अक्का. हॉटेलचं खाऊन पोट गेलंय माझं."

जेवले. दोन भाकऱ्या, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी. मी पोलिसाला जेवायला वाढतेय आणि भाऊ शेजारी चोरासारखा बसलाय, म्हणजे तो चोरच होता म्हणा. साहेब त्याला म्हणाले, "असली भाकरी घरात असताना तू मिरच्या कसल्या वाहतोस रे?" आई पदरात तोंड घालून हसली. निघताना साहेबांनी तिला वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "अव्वा, तुमच्या मुलाची काळजी माझ्यावर."

ते गेल्यावर आईनं त्यांचं ताट स्वतः उचललं. मग म्हणाली, "ज्यानं आपल्या हातचं पाणी घेतलं, त्यानं शब्दच दिला असं समजायचं." आणि मीही तसंच समजले.

नंतर दोन वर्षं ते अधूनमधून येत होते. कधी जेवायचे, कधी नुसता चहा. आई त्यांच्यासाठी चटणी वेगळी काढून ठेवायची. भाऊ मला चिडवायचा, "अक्का, मला जाडी भाकरी आणि साहेबांना पातळ. मुलगा कोण आहे या घरातला?" त्या दोन वर्षांत त्याच्या बातमीवर पाच-सहा जण आत गेले. पेपरात यायचं, 'खात्रीलायक माहितीवरून'. तो पेपर माझ्यापुढं धरून म्हणायचा, "अक्का, हे बघ, माझं नाव आलं. खात्रीलायक!"

पण तो बारीक होत चालला होता. घास घेता घेता थांबायचा. रस्त्यावर मोटरसायकल थांबली की उठून खिडकीशी जायचा. एकदा म्हणाला, "ज्यांना पकडून दिलं, त्यांच्या शेजारी बसून चहा पितो गं मी. ते माझ्या पाठीवर थाप मारतात." मी म्हटलं, "सोड मग हे." तर म्हणाला, "साहेब म्हणतात, एकच मोठं काम राहिलंय. ते झालं की टेम्पोही सुटला आणि हेही सुटलं."

ते मोठं काम म्हणजे त्याच्याच मालकाचं. गोकुळ रोडवरच्या एका बंद वर्कशॉपमध्ये बराच माल उतरायचा होता. साहेबांचं म्हणणं असं की टेम्पो यानंच आत न्यायचा, पोलीस मागोमाग येणार, मालक मालासकट सापडणार, आणि याला गर्दीतनं मागच्या दारानं सोडणार. भाऊ दोन दिवस घरात येरझाऱ्या घालत होता. मग माझ्याजवळ येऊन बसला. मी पीठ मळत होते.

"अक्का, साहेबांकडनं काहीतरी लिहून घेऊ का?"

"काय लिहून?"

"हेच की, मी त्यांच्या सांगण्यावरनं टेम्पो नेतोय. चार ओळी. नाहीतर त्यांच्या वरच्या साहेबाला तरी भेटवा म्हणतो एकदा. मालासकट मी आत असणार ना."

आणि मी काय बोलले ते ऐका. मी पिठाचे हात तसेच ठेवून त्याच्यावर ओरडले, "आपल्या ताटात जेवलेल्या माणसाकडं कागद मागतोस? एवढी वर्षं कुणी आपल्या दारात उभं राहत नव्हतं, हा माणूस खाली बसून जेवतो, आणि त्याला आपण म्हणायचं, लिहून द्या? काय वाटेल त्याला? की शेवटी हे लोक असेच?"

तो म्हणाला, "तसं नव्हे गं."

"तसंच आहे. आईला सांग जा, बघ ती काय म्हणते."

आईला त्यानं विचारलं नाही. त्याची भीड मला ठाऊक होती. मी ओरडले तेव्हा मला ठाऊक होतं की तो आता मागणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला तो टेम्पो घेऊन गेला. बारा वाजता वस्तीतल्या कुणाच्या तरी मोबाईलवर व्हिडिओ आला. पोत्यांच्या रांगेमागं पोलीस उभे, मधोमध आमचे साहेब, आता गणवेशात, आणि पुढं जमिनीवर उकिडवा बसलेला, तोंडावर टॉवेल बांधलेला एक माणूस. टॉवेल माझा होता. हिरव्या काठाचा. मी आईला व्हिडिओ दाखवला नाही, पण तिनं आवाज ऐकून विचारलं, "सुटला का तो मागच्या दारानं?"

मागचं दार कुणी उघडलंच नव्हतं. मालक तिथं नव्हता. तो आधीच गावाला गेला होता, त्याला कुणी सांगितलं देव जाणे. पुढं कागदात तर मालकाचं नावसुद्धा नव्हतं, वर्कशॉप कुणा मेलेल्या माणसाच्या नावावर निघालं. आरोपी नंबर एक, माझा भाऊ. आरोपी नंबर दोन नव्हताच.

पहिले दोन दिवस मी म्हणत होते, दाखवायला पकडलंय, सोडतील. तिसऱ्या दिवशी साहेबांचा नंबर लावला. बंद. आठव्या दिवशी त्यांच्या ऑफिसात गेले, डब्यात भाकरी घेऊन. हो, भाकरी घेऊन गेले मी. दारावरचा शिपाई म्हणाला, "साहेबांची बदली झाली की. बढतीवर गेले."

आतल्या दुसऱ्या साहेबांनी बसायला सांगितलं. वाईट बोलले नाहीत. मी सगळं सांगितलं, दोन वर्षांचं. ते ऐकून म्हणाले, "बाई, आमच्याकडं तुमच्या भावाचं नाव बातमीदार म्हणून कुठंच नाही."

"नसणारच साहेब. कुठल्याच कागदावर येणार नाही म्हणाले होते ते."

"मग मी काय बघू?"

नाव कुठं येणार नाही, हे एवढं एक वचन मात्र साहेबांनी चोख पाळलं होतं.

पण बाहेर ज्यांना कळायचं त्यांना कळलं. कुणी सांगितलं ते माहीत नाही. तुरुंगात गेला त्या महिन्यातच त्याचे पुढचे दोन दात पडले. "न्हाणीत घसरलो," म्हणाला. आत कोण होते? त्याच्याच बातमीनं गेलेले. त्यानं मला सांगून ठेवलं, "अक्का, भेटीच्या रांगेत कुणाशी बोलू नको. कुणाचा भाऊ म्हणून विचारलं तर मारामारीची केस आहे म्हण." त्या रांगेत माझ्या पुढंमागं त्यांच्या आया उभ्या असायच्या, बायका असायच्या. एक म्हातारी नेहमी माझ्याकडं पिशवी सांभाळायला द्यायची आणि पाय मोकळे करून यायची. तिचा मुलगा 'खात्रीलायक माहितीवरून' गेलेला. मी तिची पिशवी धरून उभी राहायची. काय करणार?

जामीन झाला नाही. आमचे वकील तरुण होते, मनानं चांगले. त्यांनी मला समजावलं, "अक्का, फोनचा पुरावा धरता येत नाही, तो नंबर भलत्याच्याच नावावर आहे. तुमची साक्ष घेऊ, पण बहिणीच्या साक्षीला वजन नसतं. सगळं एका माणसावर आहे. धाड घातली म्हणून साहेबांना कोर्टात यावंच लागणार. मी त्यांना विचारणार, याला आधीपासून ओळखत होता का. ते नुसतं हो म्हणाले तरी केस वळते."

नुसतं हो. मी घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग झालं की. कोर्टात शपथ घेऊन कशाला खोटं बोलतील? जेवलेत ते आपल्याकडं."

त्या 'हो'ची वाट बघत आम्ही तीन वर्षं काढली. तारीख पडायची, साहेब यायचे नाहीत. कधी बंदोबस्त, कधी रजा. दुसऱ्या वर्षी आई गेली. फार आजारी नव्हती, खाणं कमी होत गेलं आणि एका दुपारी गेली. भावाला तासाभरासाठी आणलं, बेड्यांसकट. त्यानं आईच्या पायांवर डोकं ठेवलं, तर बेडीची साखळी तिच्या पायांवर पडली. तो पटकन ती हातात गोळा करून "लागलं का?" म्हणाला. मेलेल्या आईला.

शेवटी साहेब आले. धारवाडच्या कोर्टात, सकाळी अकराला. थोडे जाड झाले होते, केस रंगवलेले. मी मागच्या बाकावर बसले होते, अशा ठिकाणी की त्यांना मी दिसावी. भाऊ पिंजऱ्यात उभा होता आणि त्यांच्याकडं बघून त्याच्या तोंडावर, मी खोटं सांगत नाही, हसू आलं. दात नसलेलं. आपल्या घरचं कुणी आलं की येतं तसं.

वकिलांनी विचारलं, "या आरोपीला तुम्ही धाडीच्या आधी ओळखत होता?"

साहेबांनी त्याच्याकडं बघितलं. सावकाश बघितलं. "गोत्तिल्ल," म्हणाले. माहीत नाही. "धाडीच्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं."

"त्याच्या घरी तुम्ही कधी गेला होता?"

"नाही."

"त्याच्या घरी जेवला होता?"

त्यावर सरकारी वकील हसले. काहीतरी बोलले, हे काय प्रश्न म्हणून. साहेबही थोडे हसले आणि म्हणाले, "नाही."

मी उभी राहिले होते. माझं मलाच कळलं नाही कधी. शिपायानं खुणेनं बसायला सांगितलं आणि मी बसले. ओरडायला पाहिजे होतं का? वकील म्हणाले होते, काही झालं तरी गप्प राहा, नाहीतर बाहेर काढतील. मी गप्प राहिले. भिडेचा स्वभाव एकट्या भावाचाच होता असं नाही.

बाहेर व्हरांड्यात मी खांबाजवळ उभी होते. ते माझ्याच बाजूनं आले, बरोबर दोन पोलीस. मला वाटलं तोंड फिरवून जातील. ते थांबले. बरोबरच्यांना पुढं जा म्हणून खूण केली. मग हळू आवाजात म्हणाले, "अक्का. अव्वा ह्यांग अदारी?"

आई कशी आहे.

आत शपथेवर नाही म्हणालेला माणूस पाच मिनिटांत बाहेर येऊन माझ्या आईची चौकशी करत होता. आणि खरोखर करत होता, डोळ्यांत दिसत होतं. मी किती वर्षं मनात शब्द जुळवून ठेवले होते, काय काय शिव्या, काय काय शाप. तोंडातनं आलं, "छलो अदारी." बरी आहे. आई जाऊन वर्ष झालं होतं आणि मी म्हटलं बरी आहे. कुणी विचारलं की आपण म्हणतो ना, तसं. किंवा तिचं मरण त्यांना सांगायचं नव्हतं, एवढं तरी आपल्याकडं राहू दे म्हणून. नक्की काय ते मला अजून कळत नाही.

"नमस्कार सांगा," म्हणाले आणि जिना उतरून गेले.

दहा वर्षांची शिक्षा झाली त्याला. वकिलांनी वर अपील टाकलंय, पण त्यांनीच मला सांगितलं, फार आशा धरू नका.

माझी चूक पुढं झाली. पुढच्या भेटीत तो जाळीपलीकडं मान घालून बसला होता, जेवण सोडलं होतं म्हणून मला कळलं होतं. त्याला काहीतरी बरं वाटावं म्हणून मी बोलून गेले, "साहेबांनी बाहेर माझ्याकडं आईची चौकशी केली."

त्यानं मान वर केली. "काय म्हणाले?"

"अव्वा ह्यांग अदारी म्हणाले."

"आपण होऊन?"

"आपण होऊन."

"थांबून?"

"हो रे. नमस्कार सांगा म्हणाले."

त्याचा चेहरा बदलला. "बघ, मी म्हणत होतो. आत बोलता येत नाही त्यांना, वरनं दाब असणार. पण मनात आहे. तू काय सांगितलंस?"

"बरी आहे म्हणून."

त्यानं जाळीत बोटं अडकवली. मग म्हणाला, "बरं केलंस. अक्का, तू एक पत्र लिही त्यांना. आईच्या नावानं लिही. आईला ते नाही म्हणायचे नाहीत."

त्या दिवशी तो जेवला, असं मला नंतर कळलं.

पत्र मी लिहिलं. मला कन्नड बोलता येतं, लिहिता येत नाही, म्हणून मराठीतच लिहिलं. मी अमक्याची आई, माझं वय झालं, एकदा खरं सांगा, मुलाला बघून डोळे मिटू दे. आईच्या बोलण्यासारखं लिहिलं, त्यामुळं लिहिताना मध्ये मध्ये थांबावं लागलं. पण पाठवणार कुठं? बदली कुठं झाली ते कुणी सांगत नाही, आणि समजा पत्ता मिळाला, तर? वाचणार कोण आणि कोणासाठी? ते पत्र कपाटात कपड्यांच्या खाली आहे. त्याला मी टाकलं म्हणून सांगितलं.

आता दर भेटीला आधी तेच विचारतो. मी कशी आहे, गुडघा कसा आहे, ते नंतर.

"आलं का गं काही?"

"नाही अजून."

"किती दिवस लागतात उत्तराला?"

"सरकारी माणूस रे तम्मा," मी म्हणते, "लागतात की दिवस."